एक बोट पाण्यामध्ये : दीपगृहाचं यमकांचं पुस्तक लहान मुलाबरोबर वाचताना

आमची बाय अडीच वर्षांची होती तेव्हा तिच्या आत्यानं दीपगृहाचं एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं. जाड पुठ्ठ्याची पानं, पानावर दोन ओळी, दोन्हींच्या शेवटी यमक. पहिल्या रात्री मी ते बातम्या दिल्यासारखं चार मिनिटांत वाचून संपवलं आणि विचारलं, "आवडलं?" ती उठून आजीकडं गेली.

दुसऱ्या रात्री तेच पुस्तक आजीनं घेतलं. चष्मा देवघरात राहिलेला, त्यामुळं अक्षरं लावत लावत ती वाचत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी अडखळत होती. ती अडखळली की बाय श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघायची. शब्द आला की खिदळायची. आजीनं वाचनाचं कुठलंही शास्त्र शिकलेलं नाही. तरुणपणी धालो (गोव्यातल्या बायकांची पारंपरिक नाचगाणी) आणि फुगड्या मात्र रात्र रात्र खेळलेल्या, त्यामुळं ओळ कुठं वळते ते तिच्या अंगात आहे. मला ते शिकावं लागलं. जे शिकलो ते इथं लिहितो आहे, दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी आणि चष्मा सापडत असलेल्या आजीआजोबांसाठीसुद्धा.

पुस्तक निवडताना

दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी चित्रं बघू नका, दोन पानं मोठ्यानं वाचा. लाज वाटत असेल तर पुटपुटा, पण ओठ हलू द्या. जीभ दोनदा अडकली तर पुस्तक परत ठेवा, कारण घरी ते तुम्हाला पन्नास वेळा वाचायचं आहे.

मग यमक तपासा. मराठी बालपुस्तकांत एक आळशी यमक फार बोकाळलंय : "दिवा असतो किती छान, सगळ्यांना तो वाटे महान." इथं 'महान' हा शब्द फक्त 'छान'ची सोबत करायला आलाय. मुलाला तो आधी सुचण्याची काहीच शक्यता नाही. याउलट "काळोखातून आली लाट, दिवा दाखवी घरची वाट" अशी ओळ असेल तर 'वाट' हा शब्द अर्थातूनही येतो, आवाजातूनही येतो आणि चित्र बरं असेल तर चित्रातूनही दिसतो. असं यमक मूल ओळखू शकतं. पुस्तकात अशी निम्मी तरी यमकं हवीत.

विकत घ्यायलाच हवं असं नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ची, पोर्तुगीज काळातली. तिथला मुलांचा विभाग एकदा बघून या. मूल कुठल्या चित्रापाशी थांबतं ते तिथं फुकटात कळतं.

आधी एकट्यानं वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मीही गाळली होती. मूल झोपल्यावर किंवा दुपारी, पुस्तक एकदा मांडीवर ताल धरून वाचा. मराठी बालगीतांची चाल पुष्कळदा आठ आणि सहा अक्षरांची असते. बोटांवर अक्षरं मोजली की टाळी कुठं पडते ते सापडतं. एखादी ओळ तालात बसतच नसेल तर तिच्यातला एखादा शब्द बिनधास्त बदला. लेखकाला कळणार नाही आणि मुलाला तर फक्त तुमचीच ओळ माहीत असेल. एकच पथ्य पाळा : एकदा बदललेला शब्द रोज तोच ठेवा. तुम्ही मंगळवारी 'होडी' म्हणालात आणि बुधवारी 'नाव' म्हणालात तर तुमची चूक काढली जाईल, आणि ती बरोबर असेल.

पहिली रात्र

खोलीतला मोठा दिवा बंद करा, उशाशी एक बारीक दिवा पुरे. मूल मांडीत किंवा कुशीत, पुस्तक दोघांच्या मध्ये, आणि पान उलटायचं काम मुलाकडं. दोन पानं एकदम उलटली गेली तर जाऊ द्या.

पहिल्या रात्री एकही प्रश्न विचारू नका. "हे काय आहे? रंग कुठला? किती बोटी?" ही परीक्षा उद्यासाठीही ठेवू नका, ती कधीच नको. मूल विचारेल त्याला उत्तर द्या, बाकी फक्त वाचा, नेहमीच्या बोलण्यापेक्षा हळू. आवाज बदलण्याची नाटकं जमत असतील तर करा, मला जमत नाहीत आणि त्यावाचून काही अडलं नाही. पुस्तक संपलं की "पुन्हा" असं आलं तर पुन्हा. नाही आलं तर मिटून ठेवा. मूल मध्येच उठून गेलं तर मागून ओढून आणू नका, ऐकू जाईल एवढ्या आवाजात उरलेल्या ओळी वाचून टाका. बाय पलंगाखाली बसून ऐकायची.

मग थांबायला लागा

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

दीपगृहाचा दिवा सतत आपल्याकडं बघत नाही. एक झोत येतो, मग काळोख, मग पुन्हा झोत. दर्यावर्दी तो काळोख सेकंदांत मोजतो, कारण जवळपासच्या प्रत्येक दीपगृहाचं मोजमाप वेगळं असतं आणि त्यावरूनच आपण कुठल्या किनाऱ्यापाशी आलो ते कळतं. यमकाचंही तसंच. पहिल्या ओळीत 'लाट' उजळली की दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत मूल काळोखात वाट बघत असतं. तो काळोख त्याचा असतो. आपण घाईनं शब्द सांगून टाकतो आणि तो हिरावून घेतो.

म्हणून तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीपासून असं करा. पुस्तकातलं शेवटचं पान निवडा, कारण शेवट मुलांच्या लक्षात आधी राहतो. ओळ वाचत या, शेवटच्या शब्दाच्या अलीकडं थांबा आणि मनात सावकाश तीन मोजा. भुवया उंचावू नका, "सांग बघू" म्हणू नका, फक्त चित्राकडं बघा. शब्द आला तर ओळ पूर्ण झाली, पुढं चला. नाही आला तर तुम्ही म्हणा, त्याच सुरात. नापास झाल्याचा वास अजिबात यायला नको. दोन-तीन दिवसांनी आणखी एका पानावर थांबा. प्रत्येक ओळीला थांबलात तर मात्र गाणं मोडतं आणि मूल वैतागतं. अख्ख्या पुस्तकात चार-पाच जागा पुरतात.

चुकीची उत्तरं नीट ऐका, त्यांतच खरी गंमत असते. 'लाट'नंतर "दिवा दाखवी घरची..." असं म्हणून मी थांबलो तेव्हा बाय म्हणाली, "खाट!" म्हणजे कानानं यमक पकडलं होतं. त्या रात्री आम्ही 'खाट'च ठेवली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आई." म्हणजे अर्थ पकडला, आवाज सुटला. अशा वेळी "चूक" म्हणण्यापेक्षा "हो, आई पण घरीच आहे" म्हणायचं आणि पहिली ओळ 'लाट'वर किंचित जोर देऊन पुन्हा वाचायची. पुढं शब्द आपोआप येतो.

याचा पुढच्या वाचायला शिकण्याशीही संबंध आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३मध्ये दाखवलं की चारपाच वर्षांची मुलं शब्दांतले सारखे आणि वेगळे ध्वनी किती ओळखतात, याचा नंतरच्या वाचनाशी धागा जुळतो. ती मुलं इंग्रजी होती आणि आपली लिपी वेगळी आहे, पण 'लाट, वाट, खाट'मधला बदलणारा पहिला आवाज ऐकू येणं ही मराठी अक्षरओळखीचीही पूर्वतयारीच आहे. अर्थात झोपायच्या वेळी हे सगळं विसरून जा.

बोट कुठं आहे?

चित्रातल्या जहाजावर बोट ठेवून मी एकदा म्हणालो, "ही बघ बोट." बायनं स्वतःची तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. मराठीनं आपल्यासाठी हा खेळ आयता मांडून ठेवलाय आणि तो कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. मग आम्ही दोन ओळी जुळवल्या :

एक बोट पाण्यामध्ये, एक बोट हाती,
दोन्ही घरी आणायाला दिवा जागे राती.

पहिल्या 'बोट'ला चित्रावर टिचकी, दुसऱ्या 'बोट'ला तिचं बोट माझ्या मुठीत. पुस्तक सुरू करताना हे आमचं नमन झालं. तुमच्या दोन ओळी तुम्हीच जुळवा, त्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. कविता चांगली असायची गरज नाही. शेवटचा शब्द मुलाला सापडेल असा असला की झालं.

चित्रांबद्दल बोलताना प्रश्नाऐवजी आपलं निरीक्षण मांडा. "मला इथं एक खेकडा दिसतोय" असं म्हटलं की मूल दुसरा खेकडा दाखवतं. "खेकडा कुठंय?" म्हटलं की तेच मूल उशीशी खेळायला लागतं.

गोव्यात आणखी एक गोष्ट होणारच : पुस्तक मराठीत आणि उत्तर कोकणीत. पुस्तक म्हणतं 'समुद्र', मूल म्हणतं 'दर्या'. पुस्तक म्हणतं 'प्रकाश', मूल ओरडतं 'उजवाड!' दुरुस्त करू नका. "हो, दर्या. पुस्तकातले काका त्याला समुद्र म्हणतात" एवढं पुरे. दोन शब्द मिळाले, गेलं काहीच नाही.

पुस्तक इंग्रजी असेल तर

बहुधा असेलच. दीपगृहावरची यमकं असलेली पुस्तकं बाजारात जास्त करून इंग्रजीच मिळतात. वाचता वाचता भाषांतर करण्याचा मोह आवरा. 'लाईट' आणि 'नाईट' यांचं जुळतं, दिवा आणि रात्र यांचं जुळत नाही, त्यामुळं तुमच्या भाषांतरात पुस्तकाचा जीवच उरत नाही. ओळी इंग्रजीत, त्यांच्या तालासकट वाचा. उच्चार साहेबासारखे नसले तरी चालतात. आणि गप्पा, चित्रं, हसणं हे सगळं आपल्या भाषेत. एका ओळीत दोन भाषांची खिचडी मात्र टाळा. तीनेक वर्षांचं मूल अर्थ कळायच्या आधीच 'नाईट' हा शब्द नेमक्या जागी टाकायला लागतं, तेव्हा घाबरून शब्दार्थ सांगत बसू नका.

लाईट गेली की

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडं लाईट जाते. या पुस्तकासाठी याहून चांगला मुहूर्त नाही. मुलाला पलंगाच्या मध्यावर बसवा : ती बोट. तुम्ही टॉर्च छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभे राहा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. झोत भिंतीवरून, कपाटावरून, पडद्यावरून फिरत पलंगावर येतो आणि पुढं जातो. झोत मुलाच्या पोटाच्या उंचीवर ठेवा, डोळ्यांवर मारू नका. आता दोघांनी मिळून काळोख मोजा : एक, दोन, तीन, चार... आला! चारपाच फेऱ्यांनंतर पुस्तकातली ओळ म्हणत फिरा आणि यमकाचा शब्द झोत पलंगावर येईल तेव्हाच येऊ द्या. तुम्हाला चक्कर येईल, मुलाला मुळीच पुरेसं वाटणार नाही. पणती किंवा मेणबत्ती घेऊन हा खेळ खेळू नका.

या खेळात मुलाला खरं दीपगृहही कळतं. मोठ्या दीपगृहात बहुतेकदा दिवा उघडझाप करत नसतो. तो पेटलेलाच असतो, त्याच्याभोवतीची भिंगं फिरतात आणि झोत आपल्यासमोरून निघून जातो. ही पायऱ्यापायऱ्यांची भिंगं फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं काढली आणि १८२३मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा बसवली. त्याआधी दिव्याचा बराचसा उजेड आकाशात आणि जमिनीवर फुकट जायचा.

प्रश्न येणारच

काही उत्तरं खिशात ठेवा. मनोऱ्याला लाल-पांढरे पट्टे का? कारण दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी रंगावरून दीपगृह ओळखतात. आत कोण राहतं? पूर्वी राखणदार राहायचा, वात आणि तेल सांभाळायचा. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रं करतात. "मग त्याची आई कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्ही बघा.

शब्दाचा एक घोळ आपल्याकडं हमखास होतो. पुस्तकात 'दीपस्तंभ' असेल तर गोव्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर देवळाच्या अंगणातला दीपस्तंभ येतो. मंगेशीला सात मजल्यांचा आहे, तो बघितलेलं मूल विचारणारच की याला समुद्रात कुणी नेलं. म्हणून समुद्रावरच्याला मी 'दीपगृह' म्हणतो आणि देवळातल्याला 'दीपस्तंभ'. दोघं भाऊ आहेत असं सांगितलं की मुलांना पटतं. पोर्तुगीज भाषेत दीपगृहाला 'फारोल' म्हणतात. त्याचं मूळ इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटाच्या नावात आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध दीपगृह उभं होतं.

आणि मांडवी नदीतले कॅसिनो. संध्याकाळी पणजीच्या पुलावरून जाताना आमच्या बायनं झगमगणाऱ्या कॅसिनोच्या जहाजाकडं बोट दाखवून "दीपगृह!" अशी आरोळी ठोकली. तिला सांगितलं, दीपगृह मोजता येतं, हे मोजता येत नाही.

आग्वादला जाताना

पुस्तक दोन-तीन आठवडे वाचून झाल्यावर जा, आधी नको. ओळी पाठ असल्या की खरं दीपगृह बघताना मुलाच्या तोंडात काहीतरी असतं.

मांडवीच्या मुखाशी असलेला आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२मध्ये बांधला. 'आग्वा' म्हणजे पाणी. येणारीजाणारी जहाजं इथं गोडं पाणी भरून घ्यायची, त्याची प्रचंड टाकी किल्ल्यातच आहे. जुनं दीपगृह १८६४चं, ठेंगणं, गोल, पांढरं. त्याचं काम १९७६मध्ये थांबलं आणि जवळच नवं दीपगृह सुरू झालं. पुस्तकातल्या सडपातळ पट्टेरी मनोऱ्याची सवय झालेलं मूल या बुटक्याकडं संशयानं बघतं, तेव्हा आधीच सांगून ठेवा : "आपलं जाडं आहे, म्हातारं आहे आणि आता झोपलंय." आत चढायला मिळेल असं वचन देऊ नका.

सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा, वर सावली जवळपास नाही. पाणी, टोपी, आणि पुस्तक. हो, पुस्तक न्याच. दीपगृहासमोर बसून एकदा वाचा, लोक बघतात तर बघू देत. संध्याकाळी किल्ला बंद होतो, त्यामुळं दिव्यासाठी तिथं थांबता येत नाही. ती गंमत नदीच्या अलीकडून शोधा. पणजीतल्या मिरामारच्या वाळूत उभं राहिलं की मांडवीच्या मुखापलीकडं आग्वादचं टोक दिसतं. काळोख पडल्यावर तिकडं तोंड करून दिवा शोधायचा आणि सापडला की मोजायला लागायचं.

परतताना वेळ असेल तर पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चमधली मोठी घंटा दाखवा. १८७१मध्ये इथं येण्याआधी ती आग्वादलाच होती. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा मालीमच्या जेटीवर ट्रॉलर ओळीनं बांधलेले दिसतात. "बोटी झोपल्या, मग दिवा कुणासाठी?" असं बायनं विचारलं होतं. मोठ्या जहाजांसाठी, ती पावसातही येतात. कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात. गर्दी असते, मूल खांद्यावर घ्यावं लागतं, पण बोट आणि दिवा एकत्र बघायचे तर त्याला तोड नाही.

पंचविसाव्यांदा

एका टप्प्यावर तुम्हाला या पुस्तकाचा कंटाळा येईल. मुलाला येणार नाही. लपवून ठेवू नका. कंटाळा आला की मुद्दाम चुका : 'लाट' म्हणून झाल्यावर 'वाट'च्या जागी 'ताट' वाचा. मूल संतापून दुरुस्त करेल आणि दोघांनाही तरतरी येईल. फाटलेलं पान मुलासमोरच सेलोटेप लावून जोडा, त्याला टेप धरू द्या.

मग एक दिवस मूल पुस्तक उलटं धरून स्वतःच 'वाचायला' बसतं. पुस्तक सुलटं करून देऊ नका. आमच्याकडं ती तशीच बसली होती, दीपगृहाचा दिवा खाली आणि समुद्र वर. "एक बोट पाण्यामध्ये, एक बोट..." म्हणून ती थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "तीन मोज आधी."